पाणी मारून बघितल्यावर

चहाचे तीन कप घेऊन मापकाकू माडीवर पोहोचल्या, तर चहा प्यायला तिथे कुणी नव्हतं. शिडी नव्हती. ग्राइंडर नव्हतं. तारेवर वाळत घातलेली मिस्त्रीची विटकी बंडी अकरा दिवस या घराच्या झेंड्यासारखी फडफडत होती, आज तीही नव्हती. त्यांनी वर पाहिलं. छपराचे दोन्ही उतार नव्या पत्र्यांनी झाकले गेले होते, आणि ते दोन उतार जिथे एकमेकांना भेटतात तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वीतभर रुंद आकाशाची पट्टी उघडी पडली होती. पट्टी निळी असती तर चहा थंड होईपर्यंत वाट पाहता आली असती. ती राखाडी होती.

त्या पट्टीच्या बरोबर खाली मापकाकूंचं शिवणाचं मोठं टेबल, आणि टेबलावर इस्पितळातल्या परिचारिकांचे एकशे साठ गणवेश. पांढरेशुभ्र. निम्मे शिवून झालेले, निम्मे कापलेले, सोमवारी सकाळी पोचते करायचे. कापड इस्पितळाचं होतं. एक डाग पडला तरी तेवढं कापड भरून द्यावं लागणार होतं आणि पुढचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाणार होतं. पांढऱ्या कापडाचं आणि नव्या छपराचं तर हाडवैर असतं. पत्र्याला भोकं पाडताना उडालेला लोखंडाचा भुगा वरच राहतो, पाण्याचा थेंब लागला की गंजतो, आणि खाली पडताना तांबूस होऊन पडतो. तो डाग धुवून जात नाही. माणूस जातो, पण तो डाग जात नाही.

मापकाकू कप घेऊन तशाच खाली आल्या.

खाली त्यांचे यजमान वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. गल्लीत त्यांचं नाव लगेचराव. दूधवाल्याचं बिल पहिल्या तारखेला सकाळी, वीजबिल आलं त्याच दिवशी, उसनी आणलेली दोन लिंबं संध्याकाळी परत. एका कचेरीच्या इमारतीत त्यांनी एकोणतीस वर्षं लिफ्ट चालवली. लाखो माणसं वर नेली, खाली आणली, पण आवाज म्हणून कधी वर गेला नाही.

"अहो, मिस्त्री कुठे गेले?"

"येतील."

"शिडी बरोबर घेऊन गेलेत. शिडीला पण भूक लागली का?"

लगेचरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. चौतीस वर्षांच्या संसारात मापकाकूंना एवढं कळलं होतं, की हा माणूस स्वच्छ चष्मा पुसायला लागला म्हणजे कुठेतरी माती झालेली असते.

"किती दिलेत?"

"कुणाला?"

"अहो, किती दिलेत?"

"राहिले होते ते."

"सगळे?"

"सगळे म्हणजे… राहिले होते तेवढेच."

मापकाकूंनी कप इतक्या हळू खाली ठेवले की लगेचराव घाबरले. आदळले असते तर बरं वाटलं असतं.

ठेकेदाराशी व्यवहार ठरला होता तो मापकाकूंच्या मापाच्या वहीत. त्यांची ही वही गल्लीत प्रसिद्ध होती. तीत सगळ्यांच्या कंबरा होत्या आणि त्या कुणाची कंबर कुणाला सांगत नसत. त्याच वहीत, एका नवरीच्या झग्यानंतर, त्यांनी एका पानावर वर लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक: छप्पर'. खाली लांबी, रुंदी, उतार, पत्र्याची जाडी, स्क्रूखालच्या रबरी चकत्यासुद्धा. आणि त्याखाली पैशांच्या तीन ओळी. पहिला भाग माल दारात उतरल्यावर. दुसरा पत्रे चढल्यावर, पत्रेवाल्याच्या दुकानाची पावती दाखवून. तिसरा भाग पाणी मारून बघितल्यावर.

"पाणी मारून म्हणजे?" ठेकेदारानं तेव्हा हसत विचारलं होतं.

"म्हणजे वरून नळीनं पाणी सोडायचं आणि मी खाली उभी राहणार. मी ब्लाउज शिवते तेव्हा गिऱ्हाईक घालून, हात वर करून बघतं आणि मग शेवटचे पैसे देतं. हात वर केल्यावर काखेत उसवलं तर मी पैसे मागायला तोंड दाखवीन का? तुमचं छप्पर पण हात वर करून दाखवा."

"मावशी, तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार!" म्हणून त्यानं खाली सही ठोकली होती. सही मोठी झोकदार होती, शेपटीला दोन गाठी मारलेली.

आणि काल संध्याकाळी मापकाकू दोरे आणायला बाजारात गेल्या, तेवढ्यात तो आला. लगेचरावांनी दार उघडलं. त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "काका, माझं राहू द्या, पण पोरं अकरा दिवस राबतायत. आज त्यांच्या हातात काही पडलं नाही तर घरी चूल पेटायची नाही."

संपलं. हे वाक्य म्हणजे लगेचरावांच्या कुलुपाची किल्ली होती. त्यांचे वडील बांधकामावर वाळू वाहायचे. आठवड्यामागून आठवडे मजुरी मिळायची नाही, आणि लहानगे लगेचराव दारात बसून बापाच्या हाताकडे बघायचे, की मूठ बंद आहे का उघडी. तेव्हापासून त्यांनी एक नेम केला होता: राबणाऱ्याचा घाम वाळायच्या आत त्याचं त्याला द्यायचं. देवापुढे दिवा लावायचा एखादे दिवशी राहिला असेल, हा नेम चुकला नव्हता. त्यांनी कपाट उघडलं आणि शेवटचा भाग ठेकेदाराच्या हातावर ठेवला. पावती मागितली नाही. वही उघडली नाही. वर जाऊन छप्पर बघितलंसुद्धा नाही, कारण जिना चढताना त्यांचे गुडघे कुरकुरतात.

"घाम वाळायच्या आत!" मापकाकू म्हणाल्या. "अहो, घाम कुणाचा होता? त्या माणसाच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता!"

"त्यानं कपाळ पुसलं गं…"

"उन्हातून स्कूटरवर आला म्हणून पुसलं! मिस्त्री वर पत्र्यावर पालथा पडून राबत होता. त्याला खाली बोलावून विचारलंत, बाबा रे, तुझे पैसे कुणाच्या हाती देऊ?"

"तसं विचारणं बरं दिसलं नसतं."

"हं. आणि आता वर जाऊन बघा, किती बरं दिसतंय ते."

देव माणसाला चांगुलपणा देतो तेव्हा बरोबर दोन डोळेही देतो. ते मिटून चांगुलपणा करावा असं त्यानं कुठेच म्हटलेलं नाही. पण हे मापकाकूंनी बोलून दाखवलं नाही, कारण त्यांना त्या वेळी देव आठवत नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तिथून पुढे जायला जागा नव्हती.

त्यांनी फोन लावला. ठेकेदार मधासारखा गोड बोलला. "मावशी, उद्या सकाळी माणसं येतायत. वरची टोपी तेवढी राहिलीय ना? दोन तासांचं काम." टोपी म्हणजे त्या उघड्या पट्टीवर बसवायचा वाकवलेला पत्रा, मिस्त्री त्याला टोपीच म्हणायचा. गुरुवारी सकाळ झाली, दुपार झाली. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा माणसं 'निघालीच' होती. तिसऱ्यांदा केला तेव्हा फोन वाजत राहिला.

मापकाकूंनी एकशे साठ गणवेश घडी घालून जिन्याखाली आणले, शिवणयंत्र भिंतीला सरकवलं, घरातलं होतं नव्हतं ते मेणकापड टेबलावर अंथरलं, आणि अवघडून बसून शिवत राहिल्या. गुरुवारी दुपारी चार थेंब पडले. चारच. मेणकापडावर चार तांबूस ठिपके उमटले, एखाद्यानं मुद्दाम सही करावी तसे. मापकाकूंनी ते पुसले नाहीत.

"पुसू का?" लगेचरावांनी विचारलं.

"राहू द्या. तुमची पावती आहे ती."

शुक्रवारी सकाळी दारात एक टेम्पो उभा राहिला. त्यातून पत्र्याच्या दुकानाचे मालक उतरले, थुलथुलीत, दम लागलेले, हातात बिलांची चळत. "हे घर का लगेचरावांचं?" त्यांनी विचारलं. "तुमच्या छपराचे निम्मे पैसे माझ्याकडे आलेले नाहीत. ठेकेदार म्हणतो, घरमालक देत नाही. मी पत्रे काढून न्यायला आलोय."

"काढून?" मापकाकू उंबऱ्यात आल्या. "शेठ, पत्रे म्हणजे काय वाळत घातलेलं धुणं आहे?"

"बाई, माझा माल आहे."

"आणि माझे पैसे! पत्रे चढले तेव्हा त्यानं मला तुमची पावती दाखवली होती, पूर्ण पैसे पोचल्याची." त्यांनी वहीत जपून ठेवलेला कागद काढला. शेठनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा केला.

"हा कागद माझ्या दुकानाचा नाही. माझ्या दुकानाच्या नावात अशी चूक मी छापीन का?"

हे चाललेलं असतानाच कोपऱ्यावरून मिस्त्री आला. सायकल भिंतीला टेकवून तो खाली मान घालून उभा राहिला. माणूस शांत, हाताला पत्र्याच्या चिरा पडलेल्या. त्याला बोलायला जड जात होतं.

"काका, रागावू नका. ठेकेदार म्हणतो, घरमालकानं पैसे अडवलेत. मी त्याला म्हटलं, ते काका तसे वाटत नाहीत. पण माझ्या हाताखालची दोघं अकरा दिवस रिकाम्या हातानं घरी जातायत. तुम्ही थोडे तरी द्या, मग आम्ही येऊन टोपी चढवतो."

लगेचरावांनी चष्मा काढला. मापकाकूंना वाटलं, आता पुसतील. त्यांनी पुसला नाही. घडी घालून खिशात ठेवला.

"मी पैसे अडवले, असं सांगितलं त्यानं?"

"हो काका."

"तुझ्या माणसांच्या घरी पण हेच सांगितलं असेल?"

मिस्त्रीनं मान आणखी खाली घातली.

लगेचराव ओटीवरच्या पायरीवर खाली बसले. मग हळूहळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "माझ्या वडिलांना मुकादम हेच सांगायचा. मालकानं दिले नाहीत. आम्ही भावंडं रोज त्या मालकाला शिव्या देत झोपायचो. त्याची गाडी रस्त्यानं गेली की मी थुंकायचो." त्यांनी मिस्त्रीच्या चिरा पडलेल्या हातांकडे पाहिलं. "त्यानं दिले असतील गं. त्यानं वेळेवर दिलेही असतील. साठ वर्षं मी भलत्याच माणसावर थुंकतोय."

मापकाकूंच्या ओठावर आलेला टोमणा तिथेच राहिला.

"कुठे आहे तो?" लगेचरावांनी विचारलं. हा आवाज त्या घरानं आधी ऐकला नव्हता.

"शाळेमागच्या गल्लीत," मिस्त्री म्हणाला. "एका शिक्षिकाबाईंचं छप्पर आम्ही गेल्या महिन्यात केलं. त्यांचे शेवटचे पैसे घ्यायला आज जाणार आहे. त्यातून तुमचे देतो म्हणालाय."

"म्हणजे आपल्या पैशांतून त्यानं आणखी कुणाचं भागवलं, आणि आता तिच्या पैशांतून आपलं," मापकाकू म्हणाल्या. "एकाच्या बाह्या कापून दुसऱ्याची कॉलर शिवतोय. चला. वही घेते."

चौघं निघाली. पुढे लगेचराव, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे. मागे वही छातीशी धरून मापकाकू, सायकल हातानं ढकलत मिस्त्री, आणि सगळ्यात शेवटी धापा टाकणारे शेठ.

शिक्षिकाबाईंच्या फाटकात ठेकेदाराची स्कूटर उभी होती आणि अंगणात ठेकेदार. इस्त्रीचा सदरा. बाईंच्या हातात पाकीट. तो कपाळ पुसत म्हणत होता, "माझं राहू द्या बाई, पण पोरांच्या घरी—"

"चूल पेटायची नाही," मापकाकूंनी फाटकातून वाक्य पुरं केलं.

ठेकेदारानं वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण धंद्यात मुरलेला माणूस, लगेच हसला. "अरे मावशी! काका! मी तुमच्याकडेच निघालो होतो."

"बाई," मापकाकूंनी त्याच्याकडे बघितलंच नाही, "पाणी मारून बघितलंत का?"

"कशावर?"

"छपरावर. हे पाकीट द्यायच्या आधी."

"मावशी, दुसऱ्याच्या दारात तमाशा नको," ठेकेदार म्हणाला.

"तमाशा तुझा आहे, मी फक्त पडदा वर करतेय. अरे, सही करताना शेपटीला दोन गाठी मारल्यास ना? एक तरी घट्ट मारायची!" त्यांनी वही उघडून बाईंच्या पुढे धरली आणि ती खोटी पावती त्यावर ठेवली. शेठनी बिलांची चळत दाखवली. मिस्त्रीनं काहीच दाखवलं नाही, तो नुसता उभा राहिला. ठेकेदाराला त्याच्याकडेच बघवत नव्हतं.

शिक्षिकाबाईंनी सगळं वाचलं. पावतीतली चूक त्यांनी सवयीनं बोट ठेवून पकडली. मग पाकीट पदराखाली गेलं. "आधी पाणी मारू," त्या म्हणाल्या.

ठेकेदार सटकायच्या बेतात स्कूटरकडे वळला. पण स्कूटरच्या मागच्या सीटवर लगेचराव बसले होते. दोन्ही हातांनी सीटची कड धरून, ताठ.

"काका, उतरा."

"नाही."

"काका, मला कामं आहेत."

"चल ना. जिथे तुझी कामं आहेत तिथे मी येतो. घरी गेलास तर घरी येतो. जेवायला बसलास तर समोर बसतो. मी एकोणतीस वर्षं एका पेटीत उभा राहून काढलीत, मला बसायचा कंटाळा येत नाही."

"हे बरं नाही काका. आपलं नातं काय…"

"नातं?" लगेचराव गरजले. अंगणातली चिमणी उडाली. "माझ्या चांगुलपणाला तू खिसा समजलास! घेतलेस ते घेतलेस. पण राबणाऱ्या माणसांना जाऊन सांगितलंस की मी त्यांचं अडवलं? अरे, पैसे खाल्लेस तर पोट दुखेल. तू माझं नाव खाल्लंस! शेठच्या दुकानात चल. आत्ता!"

ठेकेदारानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुंपणांवरून माना वर झाल्या होत्या. त्यानं मुकाट्यानं स्कूटर सुरू केली. मापकाकूंनी आपल्या नवऱ्याला गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. राग तसाच होता, पण त्यात आता एक घास गोड लागत होता.

स्कूटरवर गेलेले लगेचराव दुपारी चालत परत आले. स्कूटर शेठनी दुकानात ठेवून घेतली होती, उरलेले पैसे येईपर्यंत. ठेकेदाराच्या खिशात होतं तेवढं तिथेच काढून घेतलं होतं. पत्रे काढायची भाषा शेठनी सोडली आणि टोपीचा पत्रा दिला. तो एका टोकाला मिस्त्रीच्या खांद्यावर, दुसऱ्या टोकाला लगेचरावांच्या.

"आणि यांची मजुरी?" मापकाकूंनी विचारलं.

"सोमवारी देतो म्हणाला."

"त्याच्या पंचांगात सोमवार येतच नाही." मापकाकूंनी गणवेशांच्या उचलीतून पैसे काढले. एकाच कामाचे दुसऱ्यांदा पैसे देताना बोटं जळत होती, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "घे. तुझे आणि तुझ्या माणसांचे अकरा दिवसांचे."

मिस्त्रीनं मोजून त्यातले दोघांचे घेतले. बाकीचे परत सरकवले. "माझे मी त्याच्याकडून काढीन, काकू. माझंही नाव त्यानंच वापरलंय. टोपीचे वेगळे द्या, पाणी मारून बघितल्यावर."

लगेचराव अस्वस्थ झाले. "अगं, तो आत्ता राबणार, तर आत्ताच—"

"अहो, रोजची मजुरी रोज द्या, घाम ओला असताना द्या, मी कधी अडवलं? पण ती राबणाऱ्याच्या हातात. ठेका म्हणजे मजुरी नव्हे. तो कामाच्या टप्प्यानं, कागदावर सही घेऊन. तुम्ही एकाचा घाम बघितलात आणि दुसऱ्याचा हात भरलात."

लगेचरावांनी मान डोलावली. 'कीर्तन पुरे' असं एरवी म्हणाले असते.

शनिवारी सकाळी टोपी बसली. आभाळ भरून आलं होतं. मिस्त्री वर, हातात नळी घेऊन; नळ सोडायला अंगणात लगेचराव; आणि माडीवर, टेबलाजवळ, डोक्यावर काही न घेता मापकाकू, हाताचा तळवा वर करून उभ्या.

पाणी धडाधडा पत्र्यावर आपटलं. कानठळ्या बसल्या. मग पूर्वेच्या कोपऱ्यात एक थेंब सुटला आणि त्यांच्या तळव्यावर पडला. तांबूस.

"मिस्त्री! तिसरा स्क्रू, खिडकीच्या बाजूनं!"

वर खुडबुड झाली. चकती बदलली. पुन्हा पाणी. तळवा कोरडा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तळवा कोरडाच.

"बास!" त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं.

"आणखी सोड!" खालून लगेचराव ओरडले. नळ त्यांच्याच हातात होता, पण ते कुणाला सांगत होते कोण जाणे. "आणखी! त्या चोराच्या नावानं आणखी!" आणि नळ त्यांनी आणखी दोन आटे उघडला.

मिस्त्री खाली उतरला तेव्हा नखशिखान्त भिजलेला होता. घाम कुठला आणि पाणी कुठलं, देवालाच माहीत. लगेचराव पैसे मुठीत धरून शिडीच्या पायथ्याशी उभेच होते. पण त्यांनी ते लगेच दिले नाहीत. त्यांनी माडीच्या खिडकीकडे वर पाहिलं आणि थांबले.

मापकाकूंनी वर कोरडा तळवा दाखवला. मग लगेचरावांची मूठ उघडली.

मिस्त्रीनं वहीतल्या छपराच्या पानावर ओल्या बोटांनी सही केली, साधी, बिनशेपटीची. शाई जरा फुटली. खरा पाऊस त्यानंतर तासाभरानं आला. मापकाकूंनी जिन्याखालचे गणवेश वर आणले, मेणकापड गुंडाळलं, त्यावरचे चार तांबूस ठिपके तसेच ठेवून, आणि शिवणयंत्र पुन्हा मधोमध ओढलं.

"अजून रागावली आहेस का?" लगेचरावांनी दारातून विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या, आणि सुई ओवली. "सोमवारी गणवेश पोचवून येताना आपण दोघं शेठच्या दुकानात जाणार आहोत. तो स्कूटर सोडवायला आला की तुम्ही मागे बसा."